जवसाच्या तेलाची कॉफी

भीमराज ओव्हाळांना कॉफीचा नाद लागला तो वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि तोही मुलीमुळे. त्याआधीचा सगळा जन्म चहावर गेला होता. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कॉफीची पुडी यायची ती कुणाला खोकला झाला तरच. पण अंजली हिंजवडीला नोकरीला लागली, तिथल्या पोरींबरोबर व्यायामाला जायला लागली आणि एका शनिवारी काचेची भलीमोठी बरणी घेऊन घरी आली. बरणीत जाडसर दळलेली कॉफी टाकायची, वर साधं गार पाणी ओतायचं, झाकण लावून अठरा तास फ्रीजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मलमलच्या फडक्यातून गाळायचं. झाली कोल्ड ब्रू.

"न उकळता कॉफी?" कस्तुराबाई म्हणाल्या. "मग त्या गॅसचं काय लोणचं घालू?"

"आई, उकळली की आंबट होते. अशी केली की सौम्य होते. आणि यात चमचाभर जवसाचं तेल घालायचं, घाण्यावरचं. हृदयाला चांगलं असतं. सकाळी एक ग्लास घेतला की दुपारपर्यंत भूक लागत नाही."

भीमराज खो-खो हसले. "अगं, कंपनीत लागायच्या आधी मी रंगकामाच्या ठेकेदाराकडे होतो. जवसाचं तेल आम्ही दारंखिडक्या रंगवताना वापरायचो!"

"तुमच्या दाराचं राहू द्या," कस्तुराबाई म्हणाल्या. "आमच्या लातूरकडं जवसाची चटणी खाऊनच माणसं म्हातारी झाली."

कॉफी झाली, पण तेल काही तिच्यात मिसळेना. बाटली कितीही हलवा, दोन मिनिटांत पिवळा तवंग वर. प्यायला गेलं की ओठ तेलकट आणि घशाखाली नुसती कॉफी. अंजलीने दोन शनिवार खटपट केली आणि कंटाळून बरणी बाजूला ठेवली. तेव्हा भीमराज उठले. महाळुंग्याच्या एका कंपनीत, गाड्यांच्या सुट्या भागांना रंग द्यायच्या खात्यात त्यांनी एकवीस वर्षं काढली होती. तेलाला पाण्यात कसं कोंडायचं, कुठली गोष्ट आधी घालायची आणि कुठली धारेने, हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी भिजवलेला खजूर आणि चार काजू मिक्सरमध्ये वाटले, त्यात थोडी कॉफी घातली आणि मिक्सर चालू ठेवून वरून तेल सोडलं, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक धारेने. मग उरलेली कॉफी. ग्लासात ओतली तेव्हा ती दाट तपकिरी झाली होती, वर बारीक फेस. अर्धा तास झाला तरी तवंग आला नाही.

"पप्पा!" अंजली ओरडलीच.

भीमराजांनी ग्लास तोंडाला लावला. जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा असा टोचला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला वाटलं, कौतुकाने आलं.

खरी गोष्ट वेगळी होती. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडात काहीतरी एवढं ठळक पोचलं होतं.

भीमराजांना वास येत नव्हता. कुणाला हे ठाऊक नव्हतं, निदान त्यांची तशी समजूत होती. खात्यात मास्क मिळायचे, पण त्यांच्या जाळ्या महिनोन्महिने बदलत नसत. उन्हाळ्यात मास्क लावला की जीव गुदमरायचा, मग सगळेच तो गळ्यात लटकवायचे. थिनरचा वास कपड्यांतून घरापर्यंत यायचा. अंजली लहान असताना दार वाजलं की नाक दाबून म्हणायची, "कंपनी आली, कंपनी आली." मग एका बुद्धपौर्णिमेला भीमराजांनी मूर्तीपुढे अगरबत्ती लावली. धूर दिसत होता. वास नव्हता. त्यांनी तोंड पुढे नेलं, आणखी पुढे नेलं, शेवटी नाकाच्या शेंड्याला चटका बसला. सर्दी असेल म्हणून त्यांनी पंधरा दिवस वाफ घेतली. मग वाफ घेणंही सोडलं.

सांगायचं कुणाला? खात्यात तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यात माल चढवायला पाठवत. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर विचारायचा, काही त्रास? शेजारी सुपरवायझर उभा असायचा. भीमराज म्हणायचे, काही नाही साहेब. पुढे रंग मारायला यंत्रं आली, माणसं कमी करायची ठरली, तेव्हा त्यांनीही इतरांसारखाच राजीखुशीचा राजीनामा दिला. त्या कागदांत एक कागद होता, माझी प्रकृती उत्तम आहे, कामामुळे मला कुठलाही आजार झालेला नाही. कुठे सही करायची तिथे ऑफिसातल्या पोराने बोट ठेवलं आणि भीमराजांनी केली.

वास गेल्यापासून जेवण म्हणजे खारट, तिखट, गोड आणि गरम. कस्तुराबाईंच्या आमटीत आणि कॅन्टीनच्या डाळीत फरक उरला नव्हता. तरी ते न चुकता म्हणायचे, "आज मस्त झालीय." चहा म्हणजे गोड ऊन पाणी. आणि आता ही कॉफी. कडू तेवढं त्यांना लख्ख कळत होतं. ते रोज सकाळी एक ग्लास घ्यायला लागले.

अंजलीच्या ऑफिसातल्या पोरींनी बाटल्या मागितल्या, त्यांच्या बहिणींनी मागितल्या. चार महिन्यांत घरचा छोटा धंदाच उभा राहिला. राजीनाम्यानंतर दीड वर्ष गॅलरीत बसून पेपर चारदा वाचणारे भीमराज सकाळी सातला अंघोळ करून, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून ओट्यापाशी उभे राहू लागले. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, फडकी वाळवायची, कॉफी गाळायची, तेलाची धार सोडायची. रंग किती पातळ झालाय हे बघायला खात्यात तळाला भोक असलेला कप असायचा. रंग भरायचा आणि तो किती सेकंदांत गळतो ते घड्याळावर मोजायचं. तसा एक स्टीलचा पेला त्यांनी खिळ्याने भोक पाडून बनवला. कॉफी बावीस सेकंदांत गळली पाहिजे. कमी सेकंद लागले तर आणखी खजूर.

अंजली फोनवर गिऱ्हाइकांना सांगायची, "माझे पप्पा करतात. कंपनीच्या पेंट शॉपमधले आहेत, चूक म्हणून होत नाही त्यांच्या हातून." भीमराज आतून ऐकायचे आणि मुद्दाम भांड्यांचा आवाज करायचे.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पिंपळे सौदागरची तेजस्विनी. तिथल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ती योगाचे वर्ग घ्यायची. सासरचं घराणं मूळ गावातलं, एके काळी शेती केलेलं. मुलगी मोकळीढाकळी. भीमराजांना काका म्हणायची, पाणी विचारायची. मे महिन्यात तिने रविवारच्या शिबिरासाठी चाळीस बाटल्या सांगितल्या. एवढी मोठी मागणी पहिलीच होती.

नेमकं त्याच रविवारी लातूरला कस्तुराबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. अंजली म्हणाली, मी थांबते. भीमराज म्हणाले, "जा गं तू आईबरोबर. चाळीस बाटल्या म्हणजे काय मोठं? मी पाळीला चारशे भाग काढलेत." जाताना कस्तुराबाई दारात रेंगाळल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. "तेल फ्रीजमधलंच घ्या," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून जिना उतरल्या.

शनिवारी सकाळी भीमराजांनी कॉफी गाळली आणि तेल काढलं. फ्रीजमधल्या बाटलीत पंचवीस बाटल्यांपुरतंच तेल निघालं. त्यांनी चिंचवडच्या घाण्यावर फोन लावला. मालक म्हणाला, जवस सोमवारी निघेल. भीमराजांनी घर शोधलं. ओट्याखाली, रॉकेलच्या जुन्या डब्यामागे, त्यांना त्याच घाण्याची तपकिरी बाटली सापडली, अर्ध्याहून जास्त भरलेली. पोरीने अडीनडीला ठेवलेली दिसते, त्यांना वाटलं. बूच काढून त्यांनी बाटली नाकाशी नेली. ही त्यांची जुनी सवय होती, चारचौघांत करून करून अंगवळणी पडलेली. मग बोट बुडवून चाखलं. कडसर लागलं. जवस थोडं कडू असतंच.

आणि मग त्यांनी एकवीस वर्षांची शिस्त पाळली. रंगाच्या दोन डब्यांत एकोणीस-वीसचा फरक असतोच. एक दार एका डब्यातून आणि दुसरं दुसऱ्यातून रंगवलं तर फरक दिसतो. म्हणून आधी दोन्ही डबे एकत्र करायचे. भीमराजांनी दोन्ही तेलं एका पातेल्यात ओतली आणि पळीने ढवळून एकजीव केली. चाळीसच्या चाळीस बाटल्यांत तेच तेल गेलं. भांड्यात उरलेली घोटभर त्यांनी स्वतः पिऊन बघितली. नेहमीपेक्षा कडक झाली होती. त्यांना आवडली.

रविवारी साडेसातला स्कूटरवर क्रेट बांधून त्यांनी बाटल्या पोचवल्या आणि घरी येऊन पोहे केले. पावणेदहाला तेजस्विनीचा फोन आला. "काका, जरा इकडे येता का?" आवाज नेहमीचा नव्हता.

क्लबहाउसमध्ये पाऊल टाकलं तेव्हा भीमराजांना आधी बाटल्याच दिसल्या. टेबलावर, खिडकीत, जमिनीवर, सगळ्या घोटभर प्यालेल्या. एक बाई कुंडीवर वाकून चुळा भरत होती. तेजस्विनीची सासू विमलबाई नऊवारीचा पदर नाकाला लावून खुर्चीत बसली होती.

"काका, हे काय झालंय?" तेजस्विनीने बाटली पुढे केली. "वास घ्या ना."

भीमराजांनी बाटली घेतली. तीस-पस्तीस बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी नाकाशी नेली, मोठा श्वास घेतला. काहीच नाही. गार काच आणि हवा. कबूल करावं तर कशाला कबूल करतोय हेच ठाऊक नव्हतं.

"ठीक आहे की," ते म्हणाले. "जरा कडक झालीय एवढंच."

कुणीतरी हसलं. "ठीक आहे? अहो, सुकटीसारखा वास मारतोय!"

"कडकच झालीय," भीमराज परत म्हणाले, आणि त्यांनी ती बाटली तोंडाला लावली. सगळ्यांसमोर, न थांबता, तळापर्यंत रिकामी केली. रुमालाने तोंड पुसलं. "बघा. काही नाही तिच्यात."

आता कुणी हसलं नाही. तेजस्विनी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्याजागी जे आलं ते भीमराजांना रागापेक्षा नकोसं वाटलं.

"सूनबाई, ह्या बाबाला वासच येत न्हाई," विमलबाई म्हणाल्या. "तेल खवट हाय. लांबून कळतंय. ह्याला तोंडाशी धरून कळंना."

"अहो पण मग घरात बाकीचं कोणी बघत नाही का?" कुंडीपाशी उभी असलेली बाई म्हणाली. "नुसती लेबलं छान छान. काका, कुठे करता हे सगळं? आडनाव काय म्हणालात तुमचं?"

"ओव्हाळ."

बाईने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने बाटली टेबलावर ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. बाकी काही झालं नाही. तेजस्विनी म्हणाली, "अगं, त्याचा काय संबंध," पण ती हळू म्हणाली. भीमराजांनी बाटल्या एकेक करून क्रेटमध्ये भरल्या. मदतीला कुणी आलं नाही. जिना उतरल्यावर पार्किंगच्या नळाशी त्यांना उलटी झाली.

सोमवारी दुपारी मायलेकी परत आल्या तेव्हा अंजलीला सगळं फोनवर कळलेलंच होतं. तिने चपलाही काढल्या नाहीत. "पप्पा, कुठलं तेल घातलंत?"

भीमराजांनी तपकिरी बाटली पुढे ठेवली. अंजलीने बूच उघडलं आणि झटक्यात तोंड फिरवलं. "हे? हे तुम्हाला कळलं नाही?"

कस्तुराबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "ती मी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "खवट झाली म्हणून बाजूला काढली. दाराला लावीन म्हटलं."

"मग पप्पांना सांगायचं ना!"

"कसं सांगणार? सांगितलं असतं तर ह्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "की मला माहितीय. ह्यांना वास येत नाही."

अंजली एकदा आईकडे आणि एकदा बापाकडे बघत राहिली.

"कधीपासून?" भीमराजांनीच विचारलं.

"तुमच्या बहिणीकडचे पाहुणे आले होते त्या साली. डाळ तळाला लागून करपली. सगळं घर धुरकटलं होतं. पाहुणे बिचारे गुमान बसले. तुम्ही दोनदा डाळ वाढून घेतली, म्हणालात, आज मस्त झालीय." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "तुम्ही सांगत नव्हता. मग मीही विचारलं नाही. पुरुष माणूस, जपतोय काहीतरी, जपू दे म्हटलं."

"आणि हे कॉफीचं? तेल?"

"ते मी बघायचे."

"म्हणजे?"

"तुम्ही अंघोळीला गेलात की. तेल, कॉफी, खजूर, सगळं हुंगून ठेवायचे."

"रोज?"

"रोज."

भीमराजांना रविवारच्या त्या तीस-पस्तीस जणींपुढे जेवढं उघडं वाटलं नव्हतं तेवढं आता वाटलं. चार महिने ते ताठ मानेने ओट्याशी उभे राहत होते. पेला, घड्याळ, बावीस सेकंद. आणि रोज सकाळी, न्हाणीघराचं दार लागलं की, बायको येऊन त्यांचं काम तपासून जात होती. जसं लहान मुलाला पोळी लाटू द्यावी आणि तव्यावर मात्र आपण टाकावी.

"तुम्ही दोघं मिळून..." अंजलीने चपला काढून कोपऱ्यात भिरकावल्या. "मी लोकांना काय काय सांगत होते! तुम्ही एकमेकांना जपत बसलात आणि चाळीस बायकांना मी खवट तेल पाजलं. माझ्या नावाने. कुणाला काही झालं असतं म्हणजे?"

त्याच वेळी तेजस्विनीचा फोन आला. अंजलीने तो गॅलरीत जाऊन घेतला, पण घर एवढंसं, सगळं ऐकू येत होतं. "हो... चूक आमचीच... नाही, मी स्वतः करीन आता, प्रत्येक बाटली मी बघीन..." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "तेल खवट होतं, हे मान्य. पण कुणाच्या घरचं आहे हे विचारायचं काय कारण? ... तुझं काही नाही, माहितीय मला. पण तू त्यांना काय सांगितलंस? ... काहीच नाही? बरं."

आत येऊन तिने फोन उशीवर टाकला. "बंद केलंय त्यांनी," ती म्हणाली. मग ओट्यावरचं स्टीलचं भांडं, फडकी, तो भोकाचा पेला, सगळं एका पिशवीत भरून तिने माळ्यावर ठेवलं. "पप्पा, आजपासून तुम्ही हात लावायचा नाही."

भीमराजांनी मान हलवली. त्या बायकांच्या मनात काय होतं ते काही त्यांनी घातलेलं नव्हतं, ते आधीचंच होतं. पण त्यांना निमित्त हवं होतं आणि ते आपण आपल्या हाताने बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, घरपोच दिलं. ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

अंजलीचा राग आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नाकाखाली एकेक बाटली धरली. लवंग, कापूर, साबण, कॉफी. भीमराज प्रत्येक वेळी म्हणाले, नाही. शेवटी अंजलीच पटकन रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेली आहे, फार उशीर झाला. काय काम करत होतात? भीमराजांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कामामुळे असू शकतं. पण तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, आणि आजार नाही म्हणून सही करून बसलात. एकट्याचं कोण ऐकणार? तुमच्या खात्यात आणखी कुणाला असा त्रास असेल, त्यांनी लिहून दिलं, तर काही करता येईल."

खात्यात भीमराजांच्या शेजारी सोळा वर्षं उभा राहिलेला माणूस म्हणजे ज्ञानदेव. महाळुंग्याचाच. जमीन कारखान्यात गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती त्याला. उरलेल्या तुकड्यावर त्याने तीन मजले चढवले होते आणि कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या होत्या. भीमराज गेले तेव्हा तो पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होता. "ये ये भीमा, लई दिसांनी!" म्हणत त्याने गळाभेट घेतली, सुनेला चहा टाकायला सांगितला.

भीमराजांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. नाक, कॉफी, बायका, डॉक्टर. ज्ञानदेव ऐकताना खाली बघत होता.

"मला बी न्हाई येत," तो म्हणाला.

"काय?"

"वास. धा वर्सं झाली. तुझ्या आधीपासनं म्हन की. घरात कुनाला म्हाईत न्हाई." तो कसनुसा हसला. "गोठ्यात म्हस मेली हुती, तीन दिस मला पत्ता न्हाई."

भीमराज पुढे सरकले. "मग झालंच तर! आपण दोघं झालो. आणखी कोण असेल?"

"हायेत की. तिघं-चौघं असतील. कोन बोलतंय?"

"आपण बोलू. तू नुसतं लिहून दे ज्ञानदेवा. पुढचं अंजली बघेल."

चहा आला. सून आत गेल्यावर ज्ञानदेवाने कप खाली ठेवला. "माझा निरंजन तितंच लागलाय. त्याच खात्यात. दिवाळीला पर्मनंट व्हनार हाय."

"त्याच खात्यात?" भीमराजांचा स्वर चढला. "आणि तू लागू दिलास?"

"मग काय करू? शेत हाय का त्याला कसाया? यंत्रं आली आता, आदीसारकं न्हाई ऱ्हायलं."

"मास्कच्या जाळ्या बदलतात?"

ज्ञानदेवाने कप परत उचलला.

"ज्ञानदेवा, मी विचारतोय, जाळ्या बदलतात का?"

"मी सही न्हाई करनार, भीमा," तो म्हणाला. "तू काय बी म्हन. नाकाचं काय घिऊन बसलास राव, हातपाय शाबूत हायेत. लोकांची बोटं गेली मशिनीत."

भीमराज उठले. ज्ञानदेवही उठला, त्यांच्या दंडाला धरू लागला. "आरं, चहा तरी संपव. आलं घातलंय सुनेनं."

"कुणाला कळणार आहे?" भीमराज म्हणाले. "तुला की मला?"

ते पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. पाळी सुटायची वेळ होती. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक निघत होत्या आणि खिडक्यांतून विशी-बाविशीची पोरं डोकं टेकून झोपली होती. यातला निरंजन कुठला, त्यांना ओळखता आलं नसतं. लहानपणी एकदाच बघितला होता.

अंजलीने भरपाईसाठी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून उत्तर आलं, बाकीच्यांनी तेही दिलं नाही, आणि आलेल्या उत्तरात भीमराजांच्या सहीच्या कागदाची प्रत जोडलेली होती. तिचा धंदा उरला तो ऑफिसातल्या सात-आठ पोरींपुरता. शनिवारी दुपारी ती एकटी ओट्याशी उभी राहायची आणि रविवारी सकाळी एकटीच बाटल्या भरायची, बिनतेलाच्या. कोल्ड ब्रूत तेल घालायचं तिने सोडूनच दिलं. भीमराजांना चाकणच्या एका गोदामात नोंदी करायचं काम मिळालं. खोकी यायची, खोकी जायची. तिथे नाकाचं काम नव्हतं.

बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं, पण जपून. ती विचारायची, पप्पा, डबा घेतला? ते म्हणायचे, घेतला.

कस्तुराबाईंना मात्र वाटलं की आता लपवायचं काही उरलं नाही, तर निदान आपण ह्यांचं नाक व्हावं. त्या स्वयंपाक करता करता सांगायला लागल्या. "आता कांदा लाल होतोय, गोडसर वास सुटलाय." "कोथिंबीर ताजी आहे आज, पार दारापर्यंत येतोय." "शेजारी कुणीतरी बोंबील भाजतंय." सुरुवातीला भीमराज हं म्हणायचे. बायकोचा हेतू त्यांना कळत होता. पण प्रत्येक वेळी ती काही सांगू लागली की त्यांना वाटायचं, घरात सगळ्यांना वाढलं जातंय आणि आपल्याला नुसतं ताट दाखवलं जातंय.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "लसणाची फोडणी बसली बघा, काय घमघमाट सुटलाय..."

"नको सांगत जाऊ," भीमराज म्हणाले.

"अहो, मी आपलं तुम्हाला..."

"कस्तुरा, नको म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता. पण कस्तुराबाईंच्या हातातली पळी क्षणभर कढईवर थांबली. मग त्यांनी डाळ ओतली, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. जेवायला बसल्यावर दोघांनी पंख्याचा वेग किती ठेवायचा याबद्दल चार शब्द बोलून घेतले. भीमराज जेवले, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि नेहमीसारखं "आज मस्त झालीय" म्हणायला तोंड उघडलं. पण आता ते म्हणायची सोयही राहिली नव्हती. त्यांनी हात पुसले आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

त्या दिवसापासून कस्तुराबाईंनी सांगणं सोडलं. पुढे कधीतरी, पावसाळा संपता संपता, भीमराजांना एकदोनदा विचारावंसं वाटलं, काय गं, कसला वास येतोय आज? पण ते विचारायचं त्यांना जमलं नाही, आणि आपण होऊन सांगायचं कस्तुराबाईंनी पुन्हा मनावर घेतलं नाही.